सोफा दीड स्टार, पत्र पाच स्टार : बॉस्टनकडच्या एका फर्निचर दुकानाचा रिव्ह्यू

आधी चांगलं सांगते. पार्किंग भरपूर, आत शिरलं की फुकट कॉफी, पोरांना खेळायला कोपरा, आणि सेल्समन इतका गोड बोलणारा की लग्न जमवायच्या धंद्यात असता तर आत्तापर्यंत दोन बंगले बांधले असते त्यानं. ह्या सगळ्याला मिळून एक स्टार. वरचा अर्धा कशाचा ते पुढे येईलच. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण मिटलंय आणि मला ते परत उकरायचं नाहीये. मॅसॅच्युसेट्समध्ये, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, एवढं पुरे.

तर झालं असं की नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये आम्ही रिक्लायनर सोफा घेतला. टॅगवर मोठ्या अक्षरात 'टॉप ग्रेन लेदर', म्हणजे अखंड कातड्याच्या वरच्या थराचं अस्सल चामडं, किंमत २३४९ डॉलर, त्यावर सव्वासहा टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे २४९५ आणि वर काही सेंट. मी टॅगसकट फोटो काढून बहिणीला व्हॉट्सॅपवर पाठवला, 'घेऊ का?' म्हणून, ती म्हणाली घे. हा फोटो लक्षात ठेवा. आणि निघता निघता नवऱ्याला एक ऑफिसची खुर्ची आवडली, ३८९ डॉलर, तीही 'लेदर'. त्याची घरातूनच टॅक्स फायलिंगची छोटी एलएलसी, म्हणजे नोंदणी केलेली कंपनी, आहे, तर म्हणाला खुर्ची कंपनीच्या नावावर घालतो, डिडक्शन मिळेल. मी म्हटलं घाल. म्हणजे एकाच दुकानातून, एकाच दुपारी, एकाच सेल्समनकडून दोन वस्तू घेतल्या पण बिलं दोन झाली, एक माझ्या नावावर आणि एक एलएलसीच्या. दोन्हीवर शिक्का 'ऍज इज, ऑल सेल्स फायनल', म्हणजे माल आहे तसा घ्या, परत आणू नका. तेव्हा कोण वाचतंय.

मे महिन्यात सासरे आले दादरहून, सहा महिन्यांसाठी. त्यांचा दिवसभराचा मुक्काम सोफ्यावर. जूनमध्ये एक दिवस उठले तर पांढऱ्या लेंग्याला मागे काळे पापुद्रे चिकटलेले, पापड भाजताना जळलेल्या कडा सुटतात ना तसे. मला वाटलं कुठे बाहेर बसून आले असतील. मग सोफा बघितला तर बैठकीचा सगळा वरचा थर सुटायला लागलेला आणि खाली मळकट कापड. सात महिन्यांत! नवऱ्यानं सोफा उलटा केला तर खाली कंपनीचा स्टिकर, बारीक अक्षरात 'कव्हर : बाँडेड लेदर'. बाँडेड लेदर म्हणजे काय तर चामड्याच्या कातरणांचा भुगा करून तो चिकटवून कापडावर थापायचा आणि वरून प्लास्टिकचा थर द्यायचा. अक्रोडाच्या भुशाला अक्रोडाचं लाकूड म्हणण्यातला प्रकार. खुर्चीचंही तेच, हातांवरून सोलायला लागलेली.

दुकानात गेलो. आता तो गोड माणूस नव्हता, मॅनेजर होता. त्यानं बिलावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, ऍज इज. टॅगचा फोटो दाखवला तर म्हणाला तो टॅग दुसऱ्या मॉडेलचा असेल. जास्तीचे पैसे भरून प्रोटेक्शन प्लॅन घेतला होता त्यात सोलणं बसत नाही, डाग बसतात. म्हणजे ह्या सोफ्यावर वरण सांडलं असतं तर आम्ही भाग्यवान ठरलो असतो.

मी घरी येऊन चिडचिड केली, नवरा म्हणाला सोड, कव्हर घालू. सासरे मात्र सोडणाऱ्यातले नाहीत. ते मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सभासद, त्यांच्या बिल्डिंगमध्ये महिन्याचा किराणा संघानं वाटून घेतलेला आहे वर्षानुवर्षं, मापात पाव किलो कमी आलं तरी वहीत नोंद करणारा माणूस. म्हणाले, 'अगं तुमच्याकडे ग्राहक कायदा नाही का?' मला खरंच माहीत नव्हतं. इथे येऊन चौदा वर्षं झाली आणि मला फक्त रिटर्न पॉलिसी माहीत होती.

मंडळातली एक मैत्रीण वकील आहे, तिला फोन लावला. तिनं पहिलं वाक्य बोललं ते मी फ्रिजवर लिहून लावलंय : मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती वापराच्या नव्या वस्तूवर दुकानदारानं 'ऍज इज' लिहिलं तरी त्याचा उपयोग शून्य. वस्तू जशी असायला हवी तशी असेल ही जी कायद्यानं गृहीत धरलेली हमी असते ती इथे ग्राहकाच्या बाबतीत शिक्का मारून काढून टाकता येत नाही. बाकी बऱ्याच राज्यांत येते. म्हणजे तो मॅनेजर ज्या शिक्क्यावर बोट ठेवून उभा होता तो नुसता शाईचा डाग होता.

आणि मग तिनं ९३ए काढला. चॅप्टर ९३ए, इथल्या वकिलांच्या तोंडी हा आकडा आपल्याकडे ४२० असतो तसा असतो. १९६७ चा कायदा. धंदा करताना फसवं किंवा अन्याय्य वागणं बेकायदेशीर, इतकं साधं वाक्य आहे. हे शब्द मुळात वॉशिंग्टनच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कायद्यातले, पण त्या केंद्राच्या कायद्याखाली सामान्य माणसाला कोर्टात जाताच येत नाही, तिथे फक्त कमिशन कारवाई करतं. म्हणून एकेका राज्यानं आपापला कायदा केला आणि त्यात लोकांना स्वतः दावा लावायची सोय घातली. मॅसॅच्युसेट्सनं ती १९६९ मध्ये घातली, आयोवानं सगळ्यात शेवटी, २००९ मध्ये! चाळीस वर्षं नंतर. आयोवातल्या सोफ्यांचं मधल्या काळात काय झालं असेल देव जाणे.

आता मुद्दा, दावा कोण लावू शकतं. मला वाटलं होतं ज्याच्या नावावर बिल तो. तर नाही. सुरुवातीला इथेही विकत किंवा भाड्यानं घेणाऱ्यालाच हक्क होता, १९७९ मध्ये ती अट काढली आणि सेक्शन ९ मध्ये 'कुणीही व्यक्ती' आलं, ज्याला त्या फसवणुकीनं इजा झाली अशी कुणीही. म्हणजे सोफा तुम्ही कुणाला भेट दिला आणि त्याचं नुकसान झालं तर तोही. मी म्हटलं मग बाबांचा लेंगा? ती हसली पण म्हणाली की कायद्यात किमान रक्कम आहे, नुकसान कितीही छोटं असलं तरी निदान २५ डॉलर. सासऱ्यांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तो लेंगा धुवायला टाकला नाही, पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. खरंच ठेवला.

पण 'कुणीही' म्हणजे अगदी कुणीही नाही, आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग हाच भाग वाटला. नुसतं खोटं बोलले म्हणून चालत नाही, त्यानं तुमचं काहीतरी जायला लागतं. २००६ ची एक केस आहे, भाड्याच्या गाड्यांच्या एका मोठ्या कंपनीविरुद्धची. करारातल्या अपघाताच्या कव्हरच्या अटी कायद्याला धरून नव्हत्या, हे उघड होतं. पण दावा लावणाऱ्यांना अपघातच झाला नव्हता, गाडी सुखरूप परत दिलेली. राज्याचं सर्वोच्च कोर्ट म्हणालं, अट बेकायदेशीर असेल पण तुमचं काय गेलं? काहीच नाही, मग दावा नाही. आणि दुसरीकडे २०१३ ची केस, क्राफ्टचं सामान विकणाऱ्या मायकल्समधली. काउंटरवर कार्ड घेताना झिप कोड विचारायचे, एका बाईनं दावा लावला. तिथे तेच कोर्ट म्हणालं की पैसेच गेले पाहिजेत असं नाही, त्या झिप कोडवरून पत्ता शोधून तुमच्या घरी नको असलेल्या जाहिराती आल्या किंवा तुमची माहिती त्यांनी पैसे घेऊन विकली तर तीसुद्धा इजाच. म्हणजे अपघात न झालेला माणूस बाहेर आणि पोस्टात कॅटलॉग आलेला माणूस आत. वाचायला विचित्र वाटतं पण विचार केला तर बरोबर आहे, एकाच्या घरापर्यंत काहीतरी पोचलं आणि दुसऱ्याच्या नाही.

समोरचा 'धंद्यात' असायला लागतो हेही आहे. कुणी स्वतःचं राहतं घर विकताना लपवाछपवी केली तर ९३ए लागत नाही, हे १९७८ मध्येच ठरलंय, बाकीचे कायदे लागतील. म्हणून ऑनलाइन शेजाऱ्याकडून जुना सोफा घेणाऱ्यांनी ह्या रिव्ह्यूतलं काही आपल्याला लावून घेऊ नका.

आणि मग तिनं विचारलं, खुर्ची कुणाच्या नावावर आहे?

तिथे नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. धंद्यासाठी धंद्यानं घेतलेली वस्तू सेक्शन ९ मध्ये बसत नाही, ती सेक्शन ११ मध्ये जाते. म्हणजे तोच सेल्समन, तेच भुश्याचं लेदर, पण सोफा घेणारी मी ग्राहक आणि खुर्ची घेणारा नवरा व्यापारी! ११ मध्ये व्यापारी विरुद्ध व्यापारी, तिथे कोर्ट समजतं की दोघंही टक्केटोणपे खाल्लेले आहेत. ते २५ डॉलरचं किमान तिथे नाही, पैशांचं किंवा मालमत्तेचं नुकसानच दाखवावं लागतं, आणि फसवणूक म्हणण्यासाठी पातळीही वरची लागते. १९७९ च्या एका निकालात इथल्या एका न्यायमूर्तींनी म्हटलंय की व्यापाराच्या धक्काबुक्कीला सरावलेल्या माणसाचीसुद्धा भुवई उंचावेल इतका लबाडपणा हवा. वाक्य ऐकून सासरे म्हणाले आमच्या दादर मार्केटमध्ये तर कुणाचीच भुवई उंचावणार नाही. आणि वर ऐकवलं की भारतातल्या २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी माणसानं स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर तो ग्राहकच धरतात. पण खुर्ची एलएलसीनं घेतली होती, माणसानं नाही. डिडक्शन किती मिळालं माहितीये? काढून बघितलं तर शंभर डॉलरसुद्धा वाचले नव्हते.

आता कधी. मुदत चार वर्षं, आणि ती साधारणपणे नुकसान कळलं किंवा कळायला हवं होतं तिथून मोजतात. म्हणजे सोफ्यासाठी भरपूर वेळ होता. भारतात दोन वर्षं, हे सासऱ्यांनी लगेच सांगितलं, चार ऐकून त्यांना वाटलं इथले लोक फार निवांत आहेत. पण खरी गोम चार वर्षांत नाहीये, ती ३० दिवसांत आहे. सेक्शन ९ खाली ग्राहकाला थेट कोर्टात जाता येत नाही. दावा लावायच्या निदान ३० दिवस आधी दुकानाला लेखी मागणी पाठवावी लागते : मी कोण, तुम्ही नक्की काय फसवलं, माझं काय नुकसान झालं. हे पत्र नसेल तर खरी असलेली केसही बाहेर फेकली जाते. ऍटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, ऑफिसात ऑनलाइन तक्रार टाकता येते, फुकट आहे, ते मध्यस्थीही लावून देतात, पण ती तक्रार म्हणजे हे पत्र नव्हे, आणि ते ऑफिस तुमचा खाजगी वकील पण नव्हे. दुकानाचं राज्यात बस्तानच नसेल, किंवा त्यांनीच तुमच्यावर दावा लावला असेल आणि तुम्ही उलट मागणी करत असाल, तर पत्राची सक्ती नाही. आणि गंमत म्हणजे सेक्शन ११ वाल्या व्यापाऱ्यालाही नाही. नवरा म्हणाला बघ, काहीतरी फायदा.

पत्राला पाच स्टार देतेय कारण त्यात दोन्ही बाजूंना टाच मारलेली आहे. दुकानानं ३० दिवसांत लेखी आणि वाजवी देऊ केलं आणि मी हावरटपणानं नाही म्हटलं, तर कोर्ट मला तेवढ्यावरच थांबवू शकतं, आणि त्यानंतरच्या वकिलाच्या फीचंही विसरा. उलट दुकानानं जाणूनबुजून फसवलं असेल किंवा पत्राला मुद्दाम उडवून लावलं असेल तर नुकसानभरपाई कमीत कमी दुप्पट, जास्तीत जास्त तिप्पट, वर माझ्या वकिलाची फी त्यांच्या खिशातून. म्हणजे त्या कागदावर दुकानदार पण बसून हिशोब करतो. एडिसनला माझा दीर राहतो, न्यू जर्सीत म्हणे नुकसान मोजून दाखवता आलं की तिप्पट द्यावंच लागतं, कोर्टाला त्यात निवडच नाही, आणि मुदत सहा वर्षं. तो दर दिवाळीला न्यू जर्सी कशी भारी हे सांगतो, ह्यावेळी पहिल्यांदा मुद्दा होता त्याच्याकडे. कॅलिफोर्नियात मात्र उलट झालं, तिथे एकेकाळी काहीही नुकसान न झालेला माणूस जनतेच्या वतीनं दावा लावू शकायचा, मग काही वकिलांनी छोट्या गॅरेजवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना नोटिसा पाठवून पैसे उकळायचा धंदाच काढला, त्यात बरेचसे बिचारे बाहेरून आलेले लोक, शेवटी २००४ मध्ये लोकांनीच मतदान करून अट घातली की तुमचे पैसे किंवा मालमत्ता गेली असेल तरच या.

तर पत्र मी लिहिलं. मैत्रिणीनं दोन ओळी खोडल्या, त्या शिव्यांच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. वरच लिहिलं की हे ९३ए, सेक्शन ९ खालचं मागणीपत्र आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्या. खाली तारीख, टॅगवर काय होतं, स्टिकरवर काय आहे, सेल्समन काय म्हणाला, किती भरले, काय परत हवंय. सोबत टॅगचा फोटो, जो बहिणीला पाठवला होता म्हणून अजून होता, आणि त्यावर कोपऱ्यात चक्क आमच्याच सोफ्याचा मॉडेल नंबर वाचता येत होता, 'दुसऱ्या मॉडेलचा टॅग' म्हणणाऱ्या मॅनेजरसाठी मी त्याला लाल गोल केला. खुर्चीसाठी गरज नसताना वेगळं पत्र एलएलसीच्या नावानं. पोस्टात सर्टिफाइड मेलनं टाकलं, रिटर्न रिसीटसकट. आठवड्यानं पोचपावतीचं हिरवं कार्ड दुकानाची सही होऊन परत आलं. सासऱ्यांनी ते लेंग्याच्या पिशवीतच ठेवलं.

बावीसाव्या दिवशी मॅनेजरचा फोन. पुन्हा गोड. म्हणाला पूर्ण रकमेचं स्टोअर क्रेडिट देतो. म्हणजे ह्यांच्याचकडून दुसरा सोफा! मी म्हटलं जे काय असेल ते लिहून पाठवा. इथे मला स्वतःचं कौतुक वाटलं कारण एरवी मी फोनवर हो म्हणून मोकळी झाले असते.

अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं, १९०० डॉलर रोख आणि सोफा ते घेऊन जातील. ती रात्र आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. नाही म्हटलं तर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट, तिथे ७००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, आमच्या रकमेला फी १०० डॉलर, वकील लागत नाही. पण एक खुट्टी आहे जी मला आधी कुणी सांगितली नव्हती, स्मॉल क्लेम्समध्ये दावा लावणारा हरला तर त्याला अपील नाही, समोरचा हरला तर त्याला आहे. आणि मैत्रीण म्हणाली की सात महिने तुम्ही बसलात त्यावर, न्यायाधीशाला १९०० वाजवी वाटू शकतात. सासरे म्हणाले लढा. ज्यांचं रिटर्न तिकीट दोन महिन्यांवर आलेलं असतं त्यांना सोपं असतं लढा म्हणणं. मी उलट पत्र पाठवलं, २२०० द्या आणि मिटवू. ते २१०० वर आले. घेतले.

चेक बारा दिवसांत आला, वटला. सोफा न्यायला दोन माणसं आली, व्यवस्थित ब्लँकेट गुंडाळून, भिंतीला एक ओरखडा न पाडता घेऊन गेली. तो वरचा अर्धा स्टार त्या दोघांचा, दुकानाचा त्यात काही संबंध नाही. नवीन सोफा आम्ही कापडाचा घेतला, दुसरीकडून, आणि ह्यावेळी पैसे द्यायच्या आधी मी दुकानात गुडघे टेकून खालचा स्टिकर वाचला, सेल्समन बघत राहिला.

खुर्चीच्या पत्राला अजून उत्तर नाही. नवरा म्हणतो चार वर्षं आहेत. सध्या त्यानं तिच्यावर माझी जुनी सोलापुरी चादर घातलीये आणि टॅक्स सीझनला क्लायंट व्हिडिओ कॉलवर आले की कॅमेरा जरा वर करतो.